बिनबटणांची लिफ्ट

आमच्या अक्षताला पगार नक्की कशाचा मिळतो, हे इमारतीतल्या निम्म्या लोकांना अजून समजलेलं नाही. लोअर परळच्या एका चकचकीत ऑफिसात ती जाते आणि लोक कुठे चुकतात ते बघत बसते. कुणी मोबाइलवर विजेचं बिल भरताना अडकला, कुणी बँकेच्या यंत्रापुढे घामाघूम झाला, की ही शेजारी गप्प बसून बघणार आणि मग ते यंत्र बनवणाऱ्यांकडे जाऊन सांगणार, बाबांनो, तुमचं अमुक ठिकाणी चुकलंय. या विद्येला युजेबिलिटी इंजिनिअरिंग म्हणतात. यंत्र साध्या माणसाला वापरता येतंय का ते तपासायचं, नसेल येत तर यंत्र बदलायचं आणि पुन्हा तपासायचं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तुळशीदास कांदळगावकर यांनी हे सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लोकांचा चुकलेला बघूक पगार गावता? मगे आमची बायल इतकी वर्सां फुकट काम करता."

मी डोरिस मिरांडा. परळच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात माझी नोकरी सरली. आडनाव ऐकलं की लोक माझ्याशी हिंदीत बोलायला लागतात, आणि मग मी त्यांना अशा मराठीत उत्तर देते की ते दोन पावलं मागे सरकतात. आम्ही मूळ मुंबईचे, ईस्ट इंडियन. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ख्रिस्ती बिऱ्हाड आमचं एकच. नाताळात माझ्या घरचे तळलेले गोड कुलकुल सगळ्या माळ्यांवर जायचे, आणि गणपतीत इतके मोदक यायचे की एरिकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डॉक्टरकडे न्यावं लागायचं. अक्षता माझी विद्यार्थिनी, आणि त्याआधी शेजारची पोर. तिच्याबद्दल मी जे सांगणार ते प्रेमानंच सांगणार. निःपक्षपातीपणा हवा असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

चाळीच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा जरा उंच होती. नवा पाहुणा तिथे ठेचकाळायचाच. पोरं खालच्या वळणावर ही गंमत बघत बसायची आणि वरून कुणीतरी ओरडायचं, "बघून चाला की!" अक्षताही बसायची, पण हसायची नाही. एकदा तिचे मामा दुधाच्या किटलीसकट तिथे आडवे झाले. सगळे त्यांना बोलत होते, आणि ही फ्रॉकातली मुलगी मध्येच म्हणाली, "मामा नाही चुकले. पायरी चुकलीय." मोठ्यांनी तिला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्या पायरीच्या कडेला खडूनं जाड पांढरा पट्टा ओढला. खडू माझ्या वर्गातून पळवलेला होता, म्हणून मला ठाऊक. पट्टा पुसला की ती पुन्हा ओढायची. शेवटी कंटाळून कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटचा पक्का पट्टा मारला आणि जिन्यातली पडापड थांबली.

पुढे चाळ पाडली. आम्ही संक्रमण शिबिरात राहिलो आणि एकदाचा टॉवर उभा राहिला. एक आमच्यासाठी आणि शेजारी दुसरा विकायचा, जरा जास्त चकाकणारा. बिल्डरनं मोठेपणा करून सांगितलं, "तुम्हाला लिफ्ट तीच देतोय, जी त्या टॉवरला आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. कसल्या टाळ्या वाजवल्या ते नंतर कळलं.

ही लिफ्ट समजावून सांगते, कारण सगळी कथा तिच्यावर आहे. लिफ्ट तीन. तिन्हींच्या आत मजल्यांची बटणं नाहीत. बाहेर भिंतीवर एक काचेचा पडदा आहे. त्यावर आपण आपला मजला दाबायचा, मग पडदा सांगणार, तुमची लिफ्ट ए, किंवा बी, किंवा सी. त्याच दारासमोर उभं राहायचं, त्याच लिफ्टमध्ये शिरायचं. ती कुठे थांबणार हे तिचं तिला ठरलेलं असतं. आत शिरल्यावर मत बदलायला जागा नाही. समोर कोरी भिंत, दार उघडायचं-मिटायचं बटण आणि एक घंटा. यामुळे म्हणे सगळ्यांचा वेळ वाचतो.

आमचा वेळ वाचला नाही. सतराव्याचा माणूस नवव्यावर उतरायचा, नवव्याचा बाविसाव्यावर. मजल्याचे पॅसेज सगळे सारखे, दारं सारखी, दारांवरचे नंबरही बारीक. लोक दुसऱ्याच्या बेल वाजवायचे, माफी मागायचे, पुन्हा चुकायचे. आणि यात मला सर्वांत चीड कशाची आली सांगू? प्रत्येक जण स्वतःलाच दोष द्यायचा. "आपण चाळीतली माणसं, आपल्याला कुठलं असलं जमतंय!" तुळशीदासांनी नोटिसांवर नोटिसा लावल्या: लिफ्ट नीट वापरा, आपला मजला नीट दाबा, नीट वाचा. नीट, नीट, नीट. माझ्या वर्गात मी असं कधी ओरडले नव्हते.

त्यात शांतीबायचं ते झालं.

शांतीबाय कोळीण. तिचा नवरा चाळीत राहायला आला तेव्हापासून ती आमच्यातली. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी आणायची आणि नाक्यावरच्या बाजारात तिच्या ठरलेल्या जागी बसायची. नवरा गेला, मुलगी प्रिया लग्न होऊन अर्नाळ्याला गेली, पण शांतीबायची जागा कधी रिकामी दिसली नाही. गुडघे दुखायचे, तरी दुपारी मासळीची पाटी कमरेवर घेऊन येताना तिचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू यायचा. नव्या टॉवरमध्ये तिला सतरावा मजला मिळाला.

एका दुपारी ती अशीच परत आली, चुकीच्या लिफ्टमधून बाराव्यावर उतरली, आणि आपलंच घर समजून तिथल्या एका दाराला चावी लावू लागली. आत नवे भाडेकरू होते. बाईनं दार उघडलं, कुलपाशी खटपट करणारी म्हातारी बघितली आणि "चोर, चोर" म्हणून बोंब ठोकली. वॉचमन धावत गेला. सगळा उलगडा झाला, बाईनं "सॉरी" म्हटलं, पण पॅसेजमध्ये जमलेल्या लोकांसमोर शांतीबायला आपल्या पाटीतला बर्फ आणि उरलेली मांदेली दाखवून मी कोळीण आहे हे सांगावं लागलं. जिनं उभ्या डिलाईल रोडला मासे खाऊ घातले, तिला!

त्यानंतर ती खाली उतरेना. जिन्यानं सतरा मजले तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हते, आणि लिफ्टचं नाव काढलं की म्हणायची, "मना नाय जमायचा ता." बाजारातली जागा रिकामी पडली. प्रिया अर्नाळ्याहून आली, दोन दिवस आईचं गॅलरीत बसणं बघितलं आणि म्हणाली, "आई, बस झालं. मासेमारीची पावसाळी बंदी चालू आहे तोवर राहा. नारळी पौर्णिमा झाली की मी तुला घेऊन जाणार." शांतीबाय नाही म्हणाली नाही. तीच गोष्ट मला भयंकर वाटली. ती बाई आयुष्यात कशालाही लगेच हो म्हणालेली नव्हती.

मी तशीच अक्षताकडे गेले. "तू जगाची यंत्रं सुधारतेस ना? मग घरचं यंत्र बघ."

ती दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकचं स्टूल घेऊन लॉबीत बसली. नुसती बसली. लोक पडद्यासमोर चाचपडत होते, चुकीच्या दारात शिरत होते, आणि ही शिकलेली मुलगी तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. एका आजोबांनी तर तिच्याकडे वळून विचारलं, "बाळ, कुठली गं माझी?" आणि ती गोड हसून म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, आजोबा?" मी तिथेच होते. माझं डोकं फिरलं.

"अगं, माणुसकी विकून खाल्लीस का? बोटानं दाखवायला काय जातं तुझं?"

"टीचर, मी आज दाखवलं तर उद्या त्यांना कोण दाखवणार?" ती म्हणाली. "मी बोलले की ते माझ्याकडे बघणार, पडद्याकडे नाही. मग पायरी कुठे उंच आहे ते मला दिसणारच नाही."

पायरीचं नाव काढल्यावर मी तिच्या शेजारी उभी राहून बघू लागले. फार वेळ नाही, पण बघितलं.

मग तिनं सोसायटीच्या ऑफिसात परीक्षा मांडली. परीक्षा यंत्राची, माणसाची नाही, हे ती प्रत्येकाला आधी बजावून सांगायची. पुठ्ठ्याचा पडदा केला, त्यावर चिकटवायचे कागद केले, आणि पुठ्ठ्यामागे यंत्र म्हणून एरिकला बसवलं. माणसानं पुठ्ठ्यावर बोट ठेवलं की एरिकनं योग्य तो कागद पुढे सरकवायचा, बोलायचं मात्र नाही. संसारात इतकी वर्षं मी जे सांगून थकले ते त्यानं अक्षतासाठी एका सकाळीत केलं. यायचं एकेकानं, मजला दाबायचा, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे तिला कळेल की डोक्यात काय चाललंय. बाहेरच्या लोकांना असं बोलतं करावं लागतं म्हणे. आमच्याकडे तिला लोकांना थांबवावं लागलं.

शांतीबायला मी स्वतः हात धरून घेऊन गेले, सतराव्यावरून लॉबीशेजारच्या त्या ऑफिसापर्यंत. अक्षताला वाटत होतं, दोष ए, बी, सी या अक्षरांचा. म्हणून तिनं त्या जागी चित्रं काढली होती: मासा, आंबा आणि छत्री. शांतीबायनं सतरा दाबलं. एरिकनं माशाचा कागद सरकवला. ती तो नाकाजवळ नेऊन बघत म्हणाली, "ह्यो मासा? ह्येचा डोला बग. ह्यो ताजा नाय." मग हसून पुठ्ठ्याच्या तीन दारांपैकी बरोबर माशाच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. किती दिवसांनी हसली ती! सगळ्यांचंच तसं झालं. ऑफिसात एकही माणूस चुकला नाही. अक्षतानं लिफ्टच्या कंपनीला कळवलं, कंपनीनं पडद्यावर आणि दारांवर चित्रं बसवून दिली, नंबरही मोठे केले. तुळशीदासांनी पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत बातमी आली. लोक अजूनही चुकतच होते. पूर्वीपेक्षा थोडे कमी, पण चुकतच होते. आणि शांतीबाय, जिला आम्ही सगळ्यांनी मिळून "जा, आता काही होत नाही" म्हणून धीर दिला होता, ती धाडस करून बाजारात मैत्रिणींना भेटायला गेली आणि येताना पुन्हा बाराव्यावरच पोहोचली. या वेळी तिनं कुणाच्या दाराला हात लावला नाही. पॅसेजमध्ये जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. वॉचमननं तिला वर पोहोचवलं. त्या संध्याकाळी तिनं प्रियाला स्वतःहून फोन केला आणि म्हणाली, "पुनवेला ये, मी तयार हाय."

अक्षता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा पुढे केला तो तसाच गार झाला. "टीचर, माझं चुकलं. पायरी सापडलीच नाही मला. मी भलत्याच पायरीवर पट्टा मारला." डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं, पण मला सांत्वन जमत नाही. मी म्हटलं, "रडून झालं की स्टूल घे आणि पुन्हा बस."

ती बसली. रविवार होता. मी मिसाहून परत येत होते, हातात ब्रेड. मी पडद्यावर माझा चौदावा मजला दाबला. पडदा म्हणाला, आंबा. एवढ्यात माशाचं दार उघडलं, आत खालच्या पार्किंगमधून वर निघालेले तुळशीदास आणि त्यांचा गोतावळा. तुळशीदासांनी दारावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "येवा टीचर, येवा, जागा आसा." मी गेले. गेले ती तुळशीदासांच्या बाराव्या मजल्यावर जाऊन पोहोचले, तिथून पुन्हा पडदा, पुन्हा लिफ्ट, आणि चौदाव्याला न जाता रागानं खाली आले, अक्षताला जाब विचारायला.

तीच मला विचारू लागली. "टीचर, तुम्हाला आंबा सांगितलं होतं. तुम्ही ते वाचलंत?"

"वाचलं. मला काय वाचता येत नाही?"

"मग माशात का गेलात?"

"अगं, ते बोलवत होते!"

"ती आपली लिफ्ट नाही, हे माहीत होतं?"

"होतं की. पण माणूस दार धरून उभा आहे, या म्हणतोय, आणि मी काय तोंड फिरवून उभी राहू? बरं दिसतं का ते?"

अक्षता स्टुलावरून अशी उठली की स्टूल मागे पडलं. तिनं भर लॉबीत मला मिठी मारली. ब्रेडचा चुरा झाला. "सापडली! टीचर, पायरी सापडली!"

तिनं मला समजावलं ते असं. ऑफिसात तिनं एकेका माणसाला बोलावलं आणि प्रत्येक जण पास झाला, कारण तिथे त्याला "ये" म्हणणारं कुणी नव्हतं. पण आमच्या इमारतीत एकटा लिफ्टमध्ये चढतो कोण? ज्यानं ही लिफ्ट घडवली त्यानं ऑफिसातली माणसं डोळ्यांपुढे ठेवली, जी एकमेकांकडे न बघता आपापल्या दारासमोर उभी राहतात. आमच्याकडे रिकामी जागा दिसली की हाक मारायची आणि हाक आली की जायचं, ही आमची पिढ्यांची रीत. पडद्यानं सांगितलेलं आम्हाला कळत होतं. शेजाऱ्याचं मन मोडवत नव्हतं, एवढंच. शांतीबायला दोन्ही वेळा बाराव्यावर नेलं ते तुळशीदासांच्या प्रेमळ हाकेनं; तिथे उतरून ते आपल्या घरात शिरायचे, मागे कोण उतरलं ते बघायचे नाहीत. त्यांना हे कळलं तेव्हा बिचारे खुर्चीत मटकन बसले.

उपाय सोपा होता. लिफ्टच्या आत बटणं हवीत. चुकीच्या लिफ्टमध्ये गेलात तरी आत आपला मजला दाबला की झालं. पण लिफ्ट कंपनीनं पाठवलेला इंजिनिअर, वरद नावाचा पुण्याचा तरुण, ऐकेना. "आत बटणं दिली की मूळ तत्त्वच मोडतं. लोकांना शिस्त लावायला हवी. तुम्ही असं करा, एक सूचना लावा: कृपया इतरांना लिफ्टमध्ये बोलावू नये."

सगळ्यांनी तुळशीदासांकडे बघितलं. नोटीस म्हटली की ज्यांचा हात शिवशिवतो ते गृहस्थ. ते उठून उभे राहिले, सदरा सारखा केला आणि म्हणाले, "साहेब, आजपर्यंत मी सगळे नोटिसी लावलंय. पण ही नोटीस मी लावचंय नाय." मी त्या माणसाशी निवडणुकीत दोनदा भांडले आहे. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी टाळी वाजवली.

अक्षतानं वाद घातला नाही. ती वरदला म्हणाली, "सर, तुम्ही फक्त माझ्या स्टुलावर बसा. अट एकच. बोलायचं नाही."

तो बसला. संध्याकाळची घरी परतायची वेळ होती. पहिली काही माणसं बरोबर गेली, त्यानं अक्षताकडे विजयी नजरेनं बघितलं. मग हाका सुरू झाल्या. एक आजी छत्रीसमोर उभी होती, तिला आंब्यातून कुणीतरी बोलावलं, ती निघाली, आणि वरद स्टुलावरून अर्धा उठून ओरडला, "अहो आजी, ती नाही, ती नाही!"

"सर," अक्षता म्हणाली, "बोलायचं नाही."

तो खाली बसला, पुन्हा उठला, हात चोळू लागला. त्याची ती तडफड बघून मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. शेवटी तो म्हणाला, "मला जरा गच्चीवर जाऊन मशीन तपासू दे." त्यानं पडद्यावर अगदी रुबाबात गच्चीचा मजला दाबला. पडदा म्हणाला, छत्री. तो छत्रीकडे वळला. तेवढ्यात माशाचं दार उघडलं.

"येवा साहेब! जागा आसा!"

आणि वरद गेला. अगदी सरळ, "थँक यू काका" म्हणत गेला. अक्षता मागोमाग शिरली आणि मी काय बाहेर राहते? दार मिटलं. वरदचा हात सवयीनं भिंतीकडे गेला, बटण शोधत फिरला, आणि कोऱ्या पत्र्यावर थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. तुळशीदास म्हणाले, "आता बाराव्यार इलासच हा, तर च्या घेऊन जावा." त्यानं चहा घेतला, वर सोलकढीही घेतली. खाली आला तेव्हा अक्षतापुढे उभा राहून हसत म्हणाला, "मॅडम, ही लिफ्ट मी बसवलीय. आणि मीच चुकलो."

"तुम्ही नाही चुकलात, सर," अक्षता म्हणाली. पुढचं तिनं काही सांगितलं नाही, पण मला ते पाठ होतं.

त्यानंतर वरद आमच्या बाजूनं त्याच्या ऑफिसाशी असा भांडला की ज्याचं नाव ते. मुलगा मनाचा खरा होता. आतले बटणांचे फलक कंपनीकडे होतेच, दुसऱ्या इमारतींसाठी. पण अक्षता आता एकदा पोळली होती, तिनं आधी पुठ्ठ्याचा फलक लिफ्टच्या आत चिकटवला. या वेळी परीक्षा ऑफिसात नाही, लिफ्टमध्ये, आणि एकेकाची नाही, घोळक्याची. एरिक पुन्हा यंत्र झाला, लिफ्टच्या कोपऱ्यात उभा राहून. पहिल्याच फेरीत दिसलं की पिशव्यांनी हात भरलेल्या बायकांना फलक उंच पडतोय. तो खाली, कमरेशी आणला. बटणं मोठी केली, कोपरानं दाबता येतील इतकी. शांतीबायनं तिच्या गॅलरीत बसून हे सगळं इतरांकडून नुसतं ऐकलं. तिला खाली चल म्हणायची आता आमच्यात कुणाची हिंमत नव्हती.

नारळी पौर्णिमेला खरे फलक लागले. त्याच दिवशी प्रिया आली आणि आईच्या बॅगा भरू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं. अक्षता सतराव्यावर गेली, शांतीबायच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला जमेल म्हणून सांगायला आले नाही. मी चुकले, तुम्हाला भोगायला लागलं. फक्त जायच्या आधी एकदा बाजार बघून या. नाही जमलं तर प्रियाताई आहेच." शांतीबाय प्रियानं काढून ठेवलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागली.

पण सकाळी तिच्या दारामागची पाटी जागेवर नव्हती.

दुपारी आम्ही लॉबीत उभ्या होतो. अक्षता भिंतीला टेकून, हात पाठीमागे, तोंड बंद. मलाही तिनं शपथ घातली होती. कोपऱ्यावरून तो आवाज आला, कुणाला तरी शिव्या घालणारा, मोकळा, खणखणीत. शांतीबाय आत आली, पाटी कमरेवर, पाटी रिकामी. पडद्यापुढे उभी राहिली. सतरा दाबलं. छत्री. ती छत्रीसमोर जाऊन उभी राहिली आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच माशाचं दार उघडलं. आत तुळशीदास. त्यांनी तिला बघितलं. हाक मारू की नको, असं त्यांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मग त्या भल्या माणसानं दारावर हात आडवा धरला.

"ये गो शांती. जागा आसा."

शांतीबाय थांबली. छत्रीकडे बघितलं, माशाकडे बघितलं. आणि पाटी सांभाळत सरळ माशात शिरली. आम्ही दोघी पळतच मागे घुसलो. तिनं वळून फलकाकडे पाहिलं, कोपर नेलं आणि सतरा दाबलं. बटण पेटलं.

दार मिटत होतं, तोच बाहेरून "थांबा, थांबा" असा आवाज आला. बाराव्यावरची ती भाडेकरू बाई, दोन्ही हातांत पिशव्या. आत कोण आहे ते बघताच ती जागच्या जागी थबकली. "राहू दे," म्हणाली, "मी नंतरच्या लिफ्टनं येते."

शांतीबायनं पाटी दारात आडवी घातली. दार परत उघडलं.

"ये गो, जागा हाय," ती म्हणाली. "तुजा बारा ना?" आणि पेटलेलं असलं तरी कोपरानं पुन्हा बारा दाबलं.

ती बाई आत आली, मान खाली घालून. लिफ्ट वर निघाली. अक्षता परीक्षेत कधी बोलत नाही, तशी आताही बोलली नाही, पण तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. माझं काय झालं ते मी सांगणार नाही. बारावा आला. तुळशीदास उतरले, मागून बाई उतरली, वळली आणि हळूच म्हणाली, "मावशी, उद्या पापलेट असतील का?"

"लवकर ये मंग," शांतीबाय म्हणाली.

सतराव्यावर दार उघडलं तर समोर प्रिया, दोन भरलेल्या बॅगांमध्ये उभी. शांतीबायनं रिकामी पाटी तिच्या हातात दिली.

"धर. आनि त्या पिशव्या आत ने, कपडे परत लाव. मना पहाटं धक्क्यावर जायाचा हाय."